विषारी वायू नाही, वीजही नाही; कॅलिफोर्नियातल्या त्या कुटुंबाचा जीव फक्त उन्हाने घेतला

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या मारिपोसा काउंटीत एक जोडपं, त्यांची एक वर्षाची मुलगी आणि घरातला कुत्रा सकाळी ट्रेकला निघाले. जागा घरापासून जवळची, वाट साधारण १३ किलोमीटरची. खाली नदीपर्यंत उतरायचं, नदीकाठाने थोडं चालायचं आणि दुसऱ्या वाटेने चढून परत गाडीपाशी यायचं. दुपारच्या जेवणाला घरी, असाच कार्यक्रम असणार.

मंगळवारी सकाळी शोधपथकाला चौघंही मृतावस्थेत सापडले. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत. गाडी तिथून अडीच किलोमीटरवर उभी होती.

मग सुरू झाल्या चर्चा. परिसरात सोन्याच्या जुन्या खाणी आहेत, त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर आला असेल. नदीच्या पाण्यात विषारी शेवाळ होतं, ते पाणी प्यायले असतील. वीज पडली असेल. कोणीतरी मारलं असेल. सोशल मीडियावर तर रोज नवी थिअरी. पोलिसांनाही सुरुवातीला वायूची शंका आली आणि घातक रसायनांसाठी असते तशी खबरदारी घेऊन तपास करावा लागला. तपासात एफबीआयची मदत घेतली गेली.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, काउंटीच्या शेरीफने निष्कर्ष जाहीर केला. गोळी, वीज, कार्बन मोनॉक्साइड, सायनाइड, अमली पदार्थ, आत्महत्या, सगळं एकेक करून बाद झालं होतं. उरलं ते हायपरथर्मिया, म्हणजे शरीर प्रमाणाबाहेर तापणं, आणि त्याच्या जोडीला बहुधा पाणी कमी पडणं. ऊन. बस, एवढंच.

अनेकांना हे पटलं नाही. चार जीव एकदम फक्त उन्हाने कसे जातील? पण त्या दिवसाचं वेळापत्रक मांडून बघितलं की ते कसं घडलं असेल, हे कळायला लागतं. आणि एप्रिलमध्ये एखादा किल्ला 'सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत उतरू' म्हणत गाठणाऱ्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटेल.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

सकाळी पावणेआठच्या सुमारास त्यांची गाडी वाटेच्या सुरुवातीकडे जाताना कोणीतरी पाहिली होती. तेव्हा तिथलं तापमान २३-२४ अंश सेल्सिअस होतं. म्हणजे छान, गार सकाळ. उशिरा निघाले असंही म्हणता येत नाही.

वाट तिथून नदीकडे उतरते. साधारण ६०० मीटरचा उतार. उतरताना दम लागत नाही, पाणी फारसं प्यावंसं वाटत नाही. नदीपाशी पोहोचेपर्यंत पारा ३३ ते ३७ अंशांच्या घरात गेला होता. साडेदहाच्या सुमारास त्यांनी नदीजवळ फोटोही काढले.

खरा डोंगर त्यानंतर सुरू झाला. परतीची सॅव्हेज-लंडी नावाची वाट झिगझॅग वळणं घेत सरळ चढत जाते. २०१८ च्या मोठ्या वणव्यात या उतारावरची झाडं जळून गेली होती, त्यामुळे सावली जवळजवळ नाहीच. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान या वाटेवरचं तापमान ४२ ते ४३ अंश असावं, असा तपास अधिकाऱ्यांचा अंदाज. पाणी होतं ते पाठीवरच्या नळीवाल्या पिशवीतलं, अडीच लिटर. पाणी शुद्ध करायचं साधन जवळ नव्हतं.

पुढे तपासात फोनमधली माहिती मिळाली, ती मन सुन्न करणारी आहे. ११ वाजून ५६ मिनिटांनी त्या फोनवरून मदत मागणारा मेसेज टाइप झाला होता. पाणी संपलंय, बाळ तापलंय, आम्ही अमुक वाटेवर आहोत, अशा आशयाचा. त्यानंतर १२ वाजून ९ मिनिटं ते १२ वाजून ३६ मिनिटं या वेळात पाच वेळा फोन लावायचा प्रयत्न झाला. रेंज नव्हती. मेसेज गेला नाही, एकही फोन लागला नाही.

इथे घड्याळाकडे नीट बघायला हवं. दिवसातलं सर्वात कडक ऊन अजून यायचं होतं. बाराच्या आतच ते संकटात सापडले होते. ट्रेक सुरू होऊन जेमतेम चार तास झाले होते.

उतरायला सोपा तो डोंगर जास्त धोक्याचा

साध्या डोंगरावर आधी चढ असतो. थकलो की कळतं, आणि मागे फिरलं की उतार असतो. दरीच्या ट्रेकमध्ये हे सगळं उलटं होतं. आधी उतार, तोही सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी. चढ येतो तो थकल्यावर, पाणी अर्धं संपल्यावर आणि डोक्यावर ऊन आल्यावर. शिवाय दरीचा तळ माथ्यापेक्षा जास्त तापलेला असतो. चूक झाली हे कळतं तेव्हा माणूस सर्वात खालच्या, सर्वात गरम जागी उभा असतो आणि बाहेर पडायचा रस्ता फक्त वर जाणारा असतो.

याचं जगातलं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतलंच ग्रँड कॅन्यन. दक्षिण काठापासून तळातली कोलोरॅडो नदी साधारण १,४०० मीटर खाली आहे. काठावर हवा सुखद असते तेव्हा तळाशी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. १९९६ चा उन्हाळा तिथे इतका जीवघेणा ठरला की पुढच्याच वर्षी पार्कने एक वेगळी यंत्रणा सुरू केली. लोक अडकल्यावर सोडवायला जाण्याऐवजी आधीच वाटेवर उभं राहून त्यांना गाठायचं. पाणी किती आहे, कुठे चाललात, किती वाजता परत येणार, एवढं विचारायचं आणि गरज वाटली तर परत फिरायचा सल्ला द्यायचा. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीत चालू नका आणि काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, हे तिथे जागोजागी लिहिलेलं आहे. तरीही दर उन्हाळ्यात लोक अडकतात, काही जीवही जातात. काठावरून खाली बघताना आपण खूप खोल आलोय असं कोणाला वाटतच नाही.

शरीरात नेमकं काय होतं?

माणसाचं शरीर हे तसं अकार्यक्षम इंजिन आहे. चढताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिचा फार तर पाव भाग पाय उचलायच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होते. नुसतं बसलेलं शरीर १०० वॅटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता तयार करतं. पाठीवर सॅक घेऊन खडा चढ चढताना हीच उष्णता पाच-सहा पट होते. ती बाहेर गेलीच नाही, तर तासाभरात शरीराचं तापमान कित्येक अंशांनी वाढेल. ३७ अंशांचं शरीर ४० च्या पुढे गेलं की धोका सुरू होतो, म्हणजे हातात फारशी मोकळीक नसते.

थंड हवेत ही उष्णता कातडीवरून आपोआप निघून जाते. पण कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की गणित उलटतं. आता हवाच शरीराला तापवू लागते. वरून ऊन, खालून तापलेला कातळ. शरीरापाशी एकच उपाय उरतो, घाम. तोही नुसता गळून उपयोग नाही. वाळला तरच गारवा देतो. चढावर तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम कातडीवर पूर्ण वाळावा लागतो. प्रत्यक्षात बराचसा घाम टपकून वाया जातो, शिवाय उन्हाची उष्णता वेगळीच. त्यामुळे कडक उन्हात तासाला एक लिटर, कधी दीड लिटर घाम जाणं सहज शक्य आहे.

आता त्या अडीच लिटरच्या पिशवीकडे परत बघा. दोन मोठी माणसं, तासाला प्रत्येकी एक लिटर. सव्वा तासाचं पाणी. बाळ आणि कुत्रा वेगळेच. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. पाठीवरच्या कॅरियरमधल्या बाळाला तर वारा लागत नाही, आणि चिकटून असलेल्या आई किंवा बापाच्या अंगाची ऊब त्यात भर घालते. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो फक्त धापा टाकून गार होतो, आणि त्याचं अंग तापलेल्या जमिनीच्या अगदी जवळ असतं.

शिवाय हवामान खात्याचा आकडा हा सावलीतला असतो. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापकावरचा. 'आज ३९ आहे' म्हणजे सावलीत, हवा खेळती असताना ३९. दुपारच्या कातळावर बसून बघा, ३९ चा अर्थ कळेल.

दमटपणाचं गणित वेगळंच

घाम वाळायला कोरडी हवा लागते. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता वाहतो. म्हणून नागपूरचे ४२ अंश आणि पनवेलचे ३८ अंश यांची तुलना आकड्यांवरून होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. तिथे लोक डोंगर चढत नव्हते, उघड्या मैदानात बसले होते.

हवेची उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजायची 'वेट बल्ब' नावाची पद्धत आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून मोजलेलं तापमान म्हणजे वेट बल्ब. ते ३५ अंशांवर गेलं की निरोगी माणूस सावलीत बसूनही फार तास तग धरू शकणार नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दमट हवेत शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच बिघडायला लागतो. तेही घरातली हलकी कामं करण्याइतक्याच हालचालीत. खड्या चढाची गोष्टच सोडा.

भरपूर पाणी प्यायलं की झालं का?

दुर्दैवाने नाही. पाणी हवंच, पण पाणी म्हणजे उन्हापासून मिळालेला परवाना नव्हे.

एक तर आतडी तासाला साधारण एक लिटरच पाणी शोषू शकतात. घाम त्याहून वेगाने जात असेल तर कितीही प्या, हिशेब तुटीतच राहतो. दुसरं, उन्हात चढण्याचा वेगच इतका असेल की तयार होणारी उष्णता घामाच्या आवाक्याबाहेर आहे, तर पोट पाण्याने भरलेलं असूनही उष्माघात होतो. पाणी हे घामाचा कच्चा माल आहे. पंखा नव्हे.

तिसरा धोका फारसा कोणाला माहीत नसतो. घामातून मीठही जातं. ते भरून न काढता तासन्तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि गंभीर झालं तर झटके. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. ग्रँड कॅन्यनच्या रेंजर्सना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. म्हणून पाण्याच्या जोडीला ओआरएस, किंवा आपलं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, आणि खारे दाणे, चिवडा असं काहीतरी खाणं हवं. गडावर ताक विकणाऱ्या मावशी हे शास्त्र वर्षानुवर्षं वीस-तीस रुपयांत देत आल्या आहेत.

आणि खिशातला कांदा? तो जेवताना भाकरीबरोबर खा. खिशात ठेवून तो कोणाचंही तापमान उतरवत नाही.

'मी फिट आहे, मला काय होतंय'

जुलै २००४. बॉस्टन मॅरेथॉन पळालेली २४ वर्षांची एक तरुणी ग्रँड कॅन्यनमध्ये धावायला उतरली. सोबत दीड लिटरच्या आसपास पाणी आणि थोडं खाणं. ठरवलेलं अंतर ४० किलोमीटरहून जास्त. ती परत आली नाही. शवचिकित्सेत पाण्याच्या कमतरतेने मृत्यू झाल्याचं निष्पन्न झालं. पुढे पार्कने ट्रेकर्सना सावध करायला तिच्याच गोष्टीचं पोस्टर केलं. तुम्ही बॉस्टन मॅरेथॉन पळू शकाल का, असा त्यातला प्रश्न होता.

फिट माणसाला धोका वेगळ्या वाटेने येतो. त्याचे पाय लवकर थकत नाहीत, त्यामुळे तो थांबत नाही, आणि जितकं जोरात जाईल तितकी उष्णता जास्त तयार होते. आळशी माणूस दहा मिनिटांत सावली शोधतो. या एका बाबतीत आळस बरा.

जून २०२४ मध्ये ब्रिटनचे प्रसिद्ध आरोग्य पत्रकार आणि टीव्ही सादरकर्ते मायकेल मोस्ली ग्रीसच्या सिमी बेटावर दुपारी दीडच्या सुमारास एका किनाऱ्यावरून पायी निघाले. फोन सोबत नव्हता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह दुसऱ्या एका किनाऱ्यावरच्या बारजवळ, खडकाळ उतारावर सापडला. ब्रिटनमधल्या चौकशीत मृत्यूचं कारण खात्रीने सांगता आलं नाही. उष्माघात किंवा निदान न झालेला अन्य आजार, यांपैकी काहीतरी असावं, असं नोंदवलं गेलं. मोस्लींनी आयुष्यभर लोकांना शरीर समजावून सांगितलं होतं. त्या जून महिन्यात ग्रीसमध्ये लवकर आलेल्या उष्णतेच्या लाटेत पायी फिरायला गेलेले आणखी काही पर्यटक मृत किंवा बेपत्ता झाले. अथेन्सचं अॅक्रोपोलिस तर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं.

यात सगळ्यात घातक गोष्ट ही की उष्णता आधी मेंदूला गाठते. शरीर गार ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्ताचं प्रमाण घटतं, मेंदूकडे जाणारा पुरवठा कमी पडू लागतो. चिडचिड होते, हट्टीपणा वाढतो, साधा हिशेब जमत नाही. मागे फिरायचं की पुढे जायचं, हा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा निर्णय घेणारं यंत्रच बिघडलेलं असतं. 'आता अर्ध्यापेक्षा जास्त आलोय, चला' हे वाक्य अशा वेळी फार पटतं. म्हणून परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवलेली बरी. 'साडेनऊपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून मागे', असं ग्रुपवर लिहून टाकलं की वाटेत वाद घालायला जागा राहत नाही.

सह्याद्रीत हे कसं लागू होतं?

सह्याद्रीत ग्रँड कॅन्यन नाही, पण उलटे डोंगर आहेत. सांदण दरी घ्या, किंवा घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा घ्या. वर गार वारा असतो, आणि तासा-दोन तासांत माणूस कोकणाच्या दमट हवेत पोहोचतो. त्याच वाटेने परत चढायचं असेल तर मारिपोसाचंच गणित.

दुसरी गोष्ट दिशेची. सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. कोकणातून चढणाऱ्या वाटांवर, म्हणजे वैशाखरेकडून नाणेघाट किंवा बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जाणारी नळीची वाट, सकाळी कड्याची सावली मिळते. त्या सावलीला भुलून उशिरा निघालं की दुपारनंतर तोच कडा उन्हाला आरसा धरल्यासारखा तापतो. नळीच्या वाटेसारखी जागा मध्येच सोडूनही देता येत नाही.

तिसरी गोष्ट कातळाची. आपला बेसाल्ट काळा. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ओकत राहतो. मार्चनंतर रानातली पानगळ झालेली, गवत वाळलेलं किंवा जाळलेलं. पावसाळ्यात ज्या वाटेवर छत्रीसारखी झाडी होती, तिथे आता करवंदीच्या जाळ्यांशिवाय सावली नाही. पावसाळ्यातली रील बघून मे महिन्यात गेलेल्यांना गुगल मॅप जागा तीच दाखवतो, पण ती जागा आता तीच राहिलेली नसते. गडावरची टाकी अनेक ठिकाणी आटलेली किंवा हिरवी झालेली असतात. 'वर पाणी आहे' हे पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय खरं धरायचं नाही.

ऊनही आता मे महिन्याची वाट बघत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस हवामान खात्याने मुंबई आणि कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. हवामान खात्याचे निकषही जाणून घेण्यासारखे आहेत. तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर मैदानी भागात ४० अंशांना, किनारपट्टीवर ३७ ला आणि डोंगराळ भागात चक्क ३० अंशांना उष्णतेची लाट म्हणतात. आकडा लहान दिसला म्हणून धोका लहान असं समजायचं कारण नाही.

पायथ्याच्या गावातली माणसं या दिवसांत काय करतात ते बघण्यासारखं असतं. उजाडायच्या आत रानात जातात, दहा-अकराला परत येतात, उन्हं कलल्यावर पुन्हा निघतात. मधल्या वेळात ओसरीवर किंवा आंब्याखाली आडवे. त्याच वेळी शहरातून आलेली गाडी गावात थांबते आणि विचारते, 'काका, गडावर जायला रस्ता कुठून?'

शिवाय त्या काकांचं अंग उन्हाला सरावलेलं असतं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे रोज उन्हात काम करावं लागतं. मग घाम लवकर सुटतो, मीठ कमी जातं, नाडी कमी धावते. सोमवार ते शुक्रवार एसीत बसून रविवारी कळसूबाई चढणाऱ्याला हा सराव नसतो. आदल्या रात्रीची दारू, अपुरी झोप, नुकताच येऊन गेलेला ताप किंवा जुलाब यांनी धोका आणखी वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि सर्दीच्या अॅलर्जीवरची काही औषधंही शरीराची गार होण्याची ताकद कमी करतात. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सोबतच्याला त्रास होतोय, हे कसं ओळखायचं?

सुरुवात साधी असते. पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, खूप घाम. एरवी बडबडणारा माणूस गप्प होतो, मागे पडतो. इथे थांबायचं. सावली, बूट-सॅक काढणं, अंगावर पाणी मारणं, वारा घालणं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी पुढे माथ्याकडे जायचं नाही. ऊन उतरेपर्यंत सावलीत थांबून परत फिरायचं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, नाव-गाव विचारल्यावर गोंधळला, तोल जाऊ लागला, उगाच भांडायला लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजायचा. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज चुकीचा आहे. चढ चढताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. घाम आहे की नाही हे बघत बसण्यापेक्षा तो भानावर आहे का ते बघा.

इथून पुढची प्रत्येक मिनिट मोजकी असते. डॉक्टरांचा नियम असा की आधी गार करा, मग हलवा. उचलून दोन तास खाली नेण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात मेंदू, यकृत, मूत्रपिंडांचं नुकसान होऊन जातं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणता आलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. जवळ ओढा, डोह किंवा टाकं असेल आणि तिथे सुरक्षित पोहोचता येत असेल, तर डोकं वर धरून मानेपर्यंत पाण्यात ठेवा. नसेल तर कपडे सैल करा, असेल नसेल ते सगळं पाणी अंगभर ओता आणि सतत वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओले कपडे ठेवा. पिण्याचं पाणी संपेल म्हणून हात आखडता घेऊ नका, बाकीचे सावलीत थांबू शकतात. माणूस पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवून ठेवा. क्रोसिन देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, त्यामुळे ताप उतरवायच्या गोळीचा काही उपयोग नाही, उलट यकृताला त्रास.

त्याच वेळी गटातल्या दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. महाराष्ट्रात डोंगरात अडकलेल्यांसाठी 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर' काम करतं, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये असायला हवा. बऱ्याच घळींमध्ये आणि दऱ्यांमध्ये रेंज नसते, धारेवर किंवा माथ्याकडे गेलं की येते. त्यामुळे फोन करायला कोण जाणार आणि कोण थांबणार हे पटकन ठरवावं लागतं, आणि म्हणूनच उन्हाळ्यात दोघांनी ट्रेकला जाण्यात अडचण आहे.

मारिपोसातलं कुटुंब बेपत्ता असल्याची खबर पोलिसांपर्यंत पोहोचली ती सोमवारी रात्री अकराच्या सुमारास. मदतीचा मेसेज टाइप झाल्यापासून जवळजवळ ३५ तासांनी. निघताना घरच्या ग्रुपवर चार ओळी टाकायला दोन मिनिटं लागतात. पायथ्याचं गाव कोणतं, वाट कोणती, किती जण आहोत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणी कोणाला कळवायचं.